रतनगड ते हरिश्चंद्रगड, चार दिवस आणि जीपीएसची डबी

निघायच्या आदल्या रात्री

आमच्याकडे जीपीएस एकच आहे आणि तो कुणा एकाचा नाही. पाच जणांनी वर्गणी काढून सेकंडहँड घेतलेला गार्मिनचा ईट्रेक्स ३०, मुठीत मावेल एवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मी, दादा, वहिनी, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आणि काका. काका आमच्यातले सगळ्यात जुने ट्रेकर, टोपोशीट (उंचीच्या रेषांचा छापील नकाशा) आणि होकायंत्रावर सह्याद्री फिरलेले, पण वर्गणीत सगळ्यात आधी पैसे त्यांनीच दिले होते.

मोबाईल असताना हे वेगळं यंत्र कशाला असं लोकं नेहमी विचारतात. मोबाईलचा जीपीएस रेंज नसली तरी चालतो हे खरंच आहे, पण पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, दिवसभर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू ठेवला की बॅटरी संपते आणि वाटेतल्या कुमशेतच्या खोऱ्यात ती चार्ज कुठे करणार. ईट्रेक्सला टचस्क्रीनच नाही, छोटी काडी आहे ती अंगठ्याने दाबायची, आणि सेल संपले की दोन नवीन टाकायचे. अजून एक, हे फक्त ऐकणारं यंत्र आहे. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि बाहेरून भाऊबहीण कौतुकाने तसलं काही घेऊन येतात म्हणून हे सांगतेय.

यावेळी जीपीएसचं पॅकिंग माझ्याकडे होतं. दोन गोष्टी आणल्या होत्या. एक कडक प्लास्टिकची डबी, झाकणाला आतून गोल रबरी रिंग, दोन बाजूंनी खटके, आत फोम. दुसरं एक मऊ पाऊच, पुढे पारदर्शक खिडकी आणि वरच्या फ्लॅपला चुंबकाचं बटण. डबीत जीपीएस, सहा जादा सेल, यूएसबी केबल, सिलिका जेलची पुडी (केशरी दाणे, ओल धरली की हिरवे होतात ते) असं सगळं नीट बसलं. फोम कापून प्रत्येक वस्तूचा खड्डा केला होता मी, ब्लेडने, रात्री साडेअकरापर्यंत बसून. मऊ पाऊच असू दे म्हणून वरच्या खिशात टाकलं. जीपीएसमध्ये या वाटेचा ट्रॅक भरून घेतला, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा टाकला, कागदावर प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि डबीचे खटके लावून टाकले. कल्याणात, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला. हे का सांगतेय ते पुढे येईल.

दिवस पहिला, रतनवाडी आणि रतनगड

पहाटेची कसारा लोकल पकडली. पितृपक्ष चालू होता त्यामुळं ट्रेकवाल्यांची गर्दी नव्हती, दुधाचे कॅन आणि आम्ही. कसाऱ्यातून जीप सांगून ठेवली होती, घाट चढून घोटी, मग वारंघुशी फाटा, मग शेंडी. भंडारदऱ्याचं धरण काठोकाठ भरलं होतं. हे विल्सन डॅम, १९२६ चं, त्याच्या पाण्याला वळसा घालत घालत रस्ता रतनवाडीला जातो आणि तो वळसा संपता संपत नाही, पण दोन्ही बाजूला सोनकी इतकी पिवळी फुललेली की कुणी कुरकुर केली नाही.

अमृतेश्वराच्या देवळात दहा मिनिटं बसलो. काळा दगड, त्यावरचं कोरीव काम, आणि आत गेलं की येणारा तो गार ओला वास. बाहेर आलो तर पाऊस सुरू. उत्तरा नक्षत्र संपत आलं होतं, हत्ती लागायला दोन दिवस होते, आणि काका म्हणाले की हा पाऊस आता दुपारी गडगडाट करूनच येणार, सकाळी चालून घ्यायचं.

आता इथे मी काय केलं ते सांगते. जीपीएस चालू करून ट्रॅक सुरू केला, परत डबीत ठेवला, डबी बंद करून सॅकमध्ये तळाशी. पाऊस होता म्हणून. वर्गणीची वस्तू आहे, माझ्या हातून भिजायला नको हे एवढंच डोक्यात होतं. डबीवर वहिनीचा स्टीलचा डबा आणि त्यावर पाण्याची बाटली.

प्रवरेचा ओढा तीनचार वेळा ओलांडत जंगलातून वाट चढते. पुढे एक फाटा येतो, एक वाट रतनगडाच्या शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. उद्या आपल्याला इथेच परत यायचंय असं दादा म्हणाला आणि मी खूण म्हणून एक पॉइंट मार्क करायचा विचार केला, पण त्यासाठी सॅक उतरवा, रेनकव्हर काढा, डबा काढा, बाटली काढा, डबी उघडा, आणि वरून पाऊस. राहू दे म्हटलं. ट्रॅक चालू आहे ना, त्यात येईलच.

शिड्या लोखंडी, ओल्या. एकेक जण चढलो. गणेश दरवाजा, मग गुहा. मोठ्या गुहेत आम्हीच होतो. ओल्या वस्तू पसरल्या, चुलीसाठी काटक्या कोरड्या मिळाल्या नाहीत म्हणून स्टोव्हवर चहा, आणि मग बॅटरीच्या उजेडात मी डबी काढली.

खटका उचलला आणि फस्स असा आवाज झाला. वहिनी दचकली. डबी खालची रतनवाडीतली हवा आत घेऊन वर आली होती, गुहेत आम्ही बाराशे मीटरच्या वर होतो, इथली हवा विरळ, त्यामुळं आतली हवा झाकणाला ढकलत बसली होती. पेलिकन कंपनीच्या छोट्या केसना यासाठी दाब सारखा करणारा वाल्व असतो, आमच्या डबीला नाही. पण आवाज ऐकून मला बरंच वाटलं, म्हणजे झाकण हवाबंद आहे तर.

मग ट्रॅक बघितला आणि गप्प झाले. दिवसभराची रेष म्हणजे नुसता गुंता होता, कुठे ओढ्याच्या पलीकडे दोनशे मीटर उडी, कुठे मध्येच अर्धा तास काही नाही, फाट्याच्या जागी तर रेष अशी फिरलेली की आम्ही तिथे फुगडी घातली असं वाटावं. उंचीचा आलेख अजूनच विचित्र, कारण ईट्रेक्स ३० मध्ये हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर आहे आणि डबीत दाब बाहेरच्यासारखा उतरतच नव्हता.

प्लास्टिकमधून सिग्नल येतो, ती अडचण नाही. पण हे सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतात, आपल्यापर्यंत पोचेस्तोवर अगदी क्षीण झालेले असतात, आणि मी वर स्टीलचा डबा ठेवला होता, त्यावर पाणी, त्यावर आमचं जंगल. काका म्हणाले, "अगं, यंत्राला आभाळ दिसायला हवं." एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत.

त्या रात्री मी डबीवरचा कागद नीट वाचला आणि जीपीएसचाही. जीपीएस स्वतःच आयपीएक्स-७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जायला नको. म्हणजे पावसाची भीती त्याला नव्हतीच. भीती कशाला होती, तर केबलला, सुट्या सेलना, कागदाच्या नकाशाला. आणि जीपीएसला भीती आपटण्याची, दगडावर घासण्याची, हातातून सुटून कड्यावरून जाण्याची. म्हणजे मी ज्याला डबीत ठेवलं त्याला डबीची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून जीपीएस मऊ पाऊचमध्ये, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, दोरीने बांधलेला, आणि डबीत फक्त बाकीचं सामान असं ठरवलं. गुहेत गवत पसरलेलं होतं, आधी कुणीतरी झोपायला अंथरलेलं, त्यावरच डबी ठेवून मी सगळं परत लावलं आणि बंद केली.

दिवस दुसरा, कात्राबाईची खिंड

सकाळी आकाश उघडलं. पटकन नेढ्यापर्यंत, म्हणजे खडकातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन आलो. नेढ्यात वारा असा येतो की बोललेलं ऐकू येत नाही, कळसूबाई समोर अर्धी ढगात. फार थांबलो नाही, पल्ला मोठा होता.

शिड्या उतरून कालच्या फाट्यावर आलो, यावेळी पॉइंट मार्क केला, मान खाली करून बटण दाबलं की झालं, चालतानाच. मैत्रीण म्हणाली कालही असं का नाही केलं. खरंच.

कात्राबाईचं जंगल दाट आहे. वर पानं, खाली ओली माती, आणि गुरांच्या वाटा इतक्या की प्रत्येक पन्नास पावलांवर वाट फुटते. पारदर्शक खिडकीतून नकाशा दिसत होता, काडीही प्लास्टिकवरून दाबता येत होती, मी पुढे होते आणि मनातून खूश होते. एका ठिकाणी वाट दोन झाली. थांबले, नकाशा बघितला, बाण उजवीकडचा दाखवत होता. उजवीकडे गेलो.

पाचसात मिनिटांनी काका मागून म्हणाले की सूर्य चुकीच्या बाजूला आलाय. मी नकाशा बघितला तर आमची रेष भरून आणलेल्या रेषेपासून बाजूला निघाली होती, दीडशे मीटर तरी. परत आलो. फाट्यावर उभं राहून बघते तर बाण परत उजवीकडेच. दादाने जीपीएस पाऊचमधून बाहेर काढला आणि तो हातात घेताच नकाशा सर्रकन फिरला. परत पाऊचमध्ये घातला, परत चुकला.

काकांनी खिशातून त्यांचं जुनं होकायंत्र काढलं आणि काही न बोलता पाऊचच्या बटणाजवळ नेलं. काटा थरथरला आणि बटणाकडे वळून तिथेच चिकटल्यासारखा राहिला.

चुंबकाचं बटण! ईट्रेक्स ३० मध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे, आपण थांबलेलो असलो की दिशा ते तिथून घेतं, भरभर चालायला लागलं की सॅटेलाइटवरून. जंगलात आम्ही हळू चालत होतो आणि फाट्यावर तर थांबतच होतो, म्हणजे नेमकं जिथे दिशा हवी तिथे ते बटणाकडे बघून उत्तर सांगत होतं. दुकानात पाऊच बघताना फ्लॅप टपकन बसतो हेच मला आवडलं होतं.

वहिनीने चाकूने बटणाची दोन्ही टोकं कापून काढली आणि स्वतःच्या केसांचं रबर फ्लॅपला लावून दिलं. सेफ्टीपिन लावू का म्हणाली होती, मी म्हटलं लोखंड नको आता. मग होकायंत्र परत सेट केलं, त्यासाठी यंत्र तीन दिशांनी हळूहळू गोल फिरवावं लागतं, भर जंगलात मी दोन्ही हातांनी ते करत होते आणि बाकीचे शांतपणे उभे होते. नकाशाही वर उत्तर असा कायमचा ठेवून दिला, तो फिरतच नाही मग, कागदासारखा वाचायचा.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेलं. नमस्कार केला. पलीकडे मुळेचं खोरं, आजोबाचा डोंगर, आणि खाली कुमशेतची घरं. उतार लांब आहे, गुडघे बोलायला लागतात. दुपारी तीनला गडगडाट सुरू झाला, आम्ही गावाच्या वरच्या शेतात होतो, भात पोटरीला आलेला, आणि बांधावर एक मामा गुरं घेऊन उभे. मी त्यांना ती चुकलेली वाट सांगितली. ते म्हणाले, "पोरी, ती गुरांची वाट हाये. पुढं कड्यावर जाऊन संपती. गुरंबी तिथून मागं फिरत्यात."

मामांच्याच घरी मुक्काम. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा. मामींनी पाऊच हातात घेऊन खिडकीतून आत बघितलं, केसांचं रबर बघितलं आणि वहिनीकडे बघून हसल्या. रात्री पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की झोप लागली तीच मुळी एकदम सकाळपर्यंत.

दिवस तिसरा, मुळा, पाचनई आणि धुकं

मामा नदीपर्यंत सोडायला आले. एकटे जाऊ नका म्हणाले, रात्री पाणी वाढलंय. मुळा तिथे फार रुंद नाही पण ओढ होती, पाणी मांडीपर्यंत. त्यांनी वरच्या अंगाला पात्र पसरट आहे तिथे नेलं, काठी घेऊन आधी स्वतः उतरले, मग आम्ही एकमेकांचे हात धरून. सॅकचे कमरेचे पट्टे सोडून ठेवायला काकांनी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, पाय घसरला तर सॅक सोडून देता यावी म्हणून.

मधोमध माझाच पाय शेवाळ्यावरून गेला. कमरेपर्यंत खाली बसले, दादाने दंड धरला, दोन सेकंदात उभी राहिले, पण सॅक अर्धी पाण्यात बुडून वर आली. जीपीएस पट्ट्यावर होता, त्याच्यावरूनही पाणी गेलं. पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा तोच बघितला, स्क्रीन चालू, ट्रॅक चालू, पाऊचच्या तळातून पाणी गळतंय. खिडकी आतून धुरकटली होती ती रुमालाने पुसली, बस्स.

डबीची काळजी मला नव्हतीच, रतनगडावर तिचा फस्स आवाज ऐकला होता ना. पेठेच्या वाडीत एका घराच्या ओटीवर टेकलो, ऊन आलं होतं, सहज म्हणून डबी उघडली. आत पाणी होतं. फार नाही, दोन चमचे. फोम ओला, केबलचं टोक ओलं, सिलिका जेल हिरवंगार.

मला खरंच कळेना. रिंग फाटलेली नव्हती, खटके घट्ट होते. मी रिंगवरून बोट फिरवत गेले आणि एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. गवताची काडी. वाळलेली, केसाएवढी जाड, रिंगवर आडवी पडलेली, आणि तिच्याखाली रबरात तिच्याच आकाराची बारीक खाच दबलेली. रतनगडाच्या गुहेत गवतावर डबी ठेवून भरली होती तेव्हाची. दोन दिवस ती तिथे होती आणि झाकण बाहेरून बघितलं तर व्यवस्थित बंद दिसत होतं. पावसाचे थेंब आत गेले नाहीत, पण पाण्यात बुडल्यावर पाण्याला एवढी वाट पुरली.

काडी काढून मी किती वेळ तळहातावर घेऊन बसले होते. मग घरातल्या आजींनी कोरडं फडकं दिलं. सेल एकेक पुसून उन्हात ओळीने मांडले, गोड्या पाण्याने सेलना तेवढ्याने काही होत नाही, टोकं कोरडी हवीत. केबल मात्र हलवून हलवून वाळवली आणि घरी जाईपर्यंत लावायची नाही असं ठरवलं. रिंग खाचेतून बाहेर काढली, पुसली, खाच पुसली, परत बसवली, आणि बंद करताना सगळ्या बाजूने बोट फिरवून बघितलं. कागदाचा नकाशा वेगळ्या पिशवीत होता म्हणून वाचला. नाहीतर सगळं एका डबीत म्हणजे सगळं एका काडीच्या भरवशावर.

पाचनईवरून हरिश्चंद्रगडाची वाट सोपी आहे. एका बाजूला कडा डोक्यावर आलेला, त्याखालून चालायचं, मंगळगंगा बाजूने धबाधबा वाहत असते. दोन तासांत देवळापाशी. केदारेश्वराच्या गुहेत ते कमरेएवढं गार पाणी, मधे भलं मोठं लिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. मी बाहेरूनच हात जोडले, सकाळी मुळेत बसून झालं होतं.

चारच्या सुमाराला कोकणकड्यावर निघालो आणि अर्ध्या वाटेत धुकं आलं. ज्यांनी तिथलं धुकं बघितलंय त्यांना सांगायला नको. आपलेच पाय दिसतात, पुढचा माणूस दिसत नाही, आणि पठारावर वाटा सगळ्या सारख्या. आम्ही पाचही जण एकमेकांच्या सॅकला हात लावून उभे राहिलो. मी पाऊचकडे बघितलं, स्क्रीनवर सेल संपल्याची सूचना.

हे व्हायचंच होतं. रोजचे नऊदहा तास, तीन दिवस, त्या सेलवर साधारण पंचवीस तास चालतो म्हणतात. मी आदल्या रात्री बदलायला हवे होते, घरात, कोरड्यात, कारण सेल बदलायला मागचं झाकण उघडलं की तो आयपीएक्स-७ राहत नाही, साधं उघडं यंत्र होतं. दादा आणि काकांनी पाँचो माझ्या डोक्यावर धरला, मैत्रिणीने बॅटरी धरली, वहिनीने ओढणीच्या कोरड्या टोकाने माझी बोटं पुसली. डबी उघडली. आत कोरडं. पेठेच्या वाडीत उन्हात ठेवलेले सेल, दोन काढले, जुने काढून मैत्रिणीच्या हातात दिले, नवे घातले, मागची रबरी कड बोटाने फिरवून बघितली (आता ती सवयच लागली), कडी फिरवली. चालू केला. सॅटेलाइट शोधायला मिनिट दीड मिनिट लागलं असेल. आम्ही कुणी बोललो नाही. मग आमचा बाण दिसला आणि मागे देवळाकडे जाणारी आमचीच रेष.

दादा म्हणाला कडा इथून अडीचशे मीटरच आहे, जाऊया का हळूहळू रेषेवरून. काका नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं. काकांनी त्याला सांगितलं की मे २००० पर्यंत अमेरिका साध्या लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक ठेवायची, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, ती आता नाही, पण आताही पाचदहा मीटर इकडेतिकडे होतंच, आणि कोकणकडा आत वळलेला आहे, कडेला पाच मीटर म्हणजे काय ते तूच बघ. वाट सापडायला जीपीएस, कडा बघायला डोळे. धुक्यात कड्याकडे जायचं नाही.

परत फिरलो. रेषेवरून पावलं टाकत, मी पुढे, प्रत्येक वीस पावलांनी खिडकी पुसत. देवळाचा कळस अचानक दहा हातांवर दिसला तेव्हा मैत्रिणीने मला मागून मिठीच मारली. देवळाजवळ पाचनईच्या दादांकडे गरम पिठलं भाकरी होती, गुहेत मुक्काम केला. झोपायच्या आधी डबी उघडली, यावेळी सतरंजीवर न ठेवता मांडीवर घेऊन, वापरलेले सेल रबरबँडने वेगळे बांधून ठेवले, बोट फिरवलं, बंद केली.

दिवस चौथा, कोकणकडा आणि घरी

पहाटे साडेपाचला दादाने उठवलं, आभाळ स्वच्छ. धावतच गेलो. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलं, खाली ढग आणि ढगांच्या फटीतून कोकण. काल आम्ही जिथून परत फिरलो तो पॉइंट मी मार्क केला होता, येताना मुद्दाम बघितला. तिथून कडा दोनशे तीस मीटर.

तोलार खिंडीतून उतरून खिरेश्वर, खडकाच्या टप्प्यावर रेलिंग आहे पण ओलं होतं म्हणून वेळ लागला. पाऊच दोनदा खडकावर घासलं, खिडकीवर दोन ओरखडे आले, स्क्रीन जशीच्या तशी. खाली पिंपळगाव जोग्याचं पाणी, खुबी फाट्यावर उसाचा रस, आणि माळशेजवरून कल्याणची एसटी. गाडीत सगळे झोपले.

घरी आल्यावर डबी उघडायला घेतली तर उघडेना. खटके सुटले पण झाकण जागेवरून हलेना, चिकटवल्यासारखं. दादा म्हणाला मोडली वाटतं. मग लक्षात आलं, हरिश्चंद्रगडावर बंद केलेली होती, आत तिथली विरळ हवा, आणि बाहेर कल्याणची. बाहेरची हवाच झाकण दाबून धरत होती. म्हणजे एवढ्या उतरणीत, एसटीच्या धक्क्यांत, एक केसाएवढीही हवा आत गेली नव्हती. चमच्याच्या दांड्याने कड जराशी उचलली, हवा आत गेल्याचा बारीक आवाज आला आणि झाकण सुटलं. आत सगळं कोरडं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनजवळच्या बॅग रिपेअरवाल्या काकांकडे गेले, जुनं पाऊच दाखवलं. बाईकच्या सीटला लावतात तसलं रेक्झिन, टेबलावर घालतात तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक, आणि आत योगा मॅटचा कापलेला तुकडा, तो मी घरून नेला होता. वर वेलक्रो. तळाला दोन भोकं, पाणी निघून जायला. भोकं कशाला, पाणी आत जाईल ना, असं ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं जाऊ दे, आतलं यंत्र भिजत नाही, साचलेलं पाणी नको फक्त. आणि पट्ट्यावर अडकवायला जाड नायलॉनची पट्टी, दोन्ही टोकं दोनदा शिवलेली. लोखंडी रिंग लावू का म्हणाले. पितळी आहे का, विचारलं. त्यांनी ड्रॉवर उघडून शोधली, सापडली, मी काकांचं होकायंत्र मागून आणलं होतं ते रिंगजवळ नेलं. काटा जागचा हलला नाही.

घरी सिलिका जेल जुन्या तव्यावर मंद आचेवर ठेवलंय, तो तवा आता स्वयंपाकात वापरायचा नाही असं आईने सांगून टाकलंय. बाहेर हत्तीचा पाऊस सुरू झालाय. कडेचे दाणे केशरी झालेत, मधले अजून हिरवे आहेत.